बुधवारची चटणी

१

सोमवारी सकाळी जयपूरच्या झालाना भागातल्या त्या छोट्या शेडमध्ये नमुन्यांची पेटी उघडली, तेव्हा आतले लसणाच्या चटणीचे पाउच उशीसारखे टम्म फुगलेले होते. एक तर हात लागताच फुटला आणि समोरची भिंत लाल झाली. मोठं गिऱ्हाईक शुक्रवारी यायचं होतं. दुपार व्हायच्या आत सगळ्यांचं एकमत झालं, की दोष नोझलचा, म्हणजे पाउचमध्ये चटणी सोडणाऱ्या तोटीचा. आणि ते नोझल राजसनं शोधून काढलेलं होतं.

डॉ. विनयाला हे कळलं मंगळवारी संध्याकाळी. राजस एक फुगलेला पाउच स्टीलच्या डब्यात घालून गोपालपुऱ्याच्या आपल्या खोलीवरून थेट तिच्या जवाहर नगरच्या घरी आला. विनया एका मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. राजस तिच्या सांगलीच्या मैत्रिणीचा, कौमुदीचा मुलगा. "पोराकडे लक्ष ठेव गं," असं कौमुदीनं तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि विनयाला कुणाकडे लक्ष ठेवण्याचा मनापासून कंटाळा होता. स्वतःच्याच घरात चष्मा कुठे ठेवला हे जिला आठवत नाही, तिनं परक्याचं पोर काय सांभाळावं.

"मावशी, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सही मागितलीय. पेटंटचा अर्ज मागे घ्यायचा, मशीनला बाजारातलं तयार नोझल लावायचं आणि मी राजीनामा द्यायचा. अलकाजींनी कागद तयारच ठेवलाय."

"अलकाजी म्हणजे तुझ्या भागीदार?"

"कंपनी निम्मी त्यांची. चटणी त्यांच्या सासरची. आधी महिनाभर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा, मग ट्रायलची तारीख पुढे ढकला म्हणून भुणभुण. मी सरळ कॅलेंडर दाखवलं, सुट्टी नाही म्हटलं. आता सगळं माझ्यावर."

चीड येण्यासारखंच होतं. तेलकट चटणी भरताना शेवटचा थेंब तोटीला लोंबतो, पाउचच्या कडेला लागतो, आणि तेल लागलेली कड कितीही दाबली तरी धड चिकटत नाही. राजसचं नोझल तो शेवटचा थेंब पुन्हा आत ओढून घ्यायचं. एवढ्याशा गोष्टीवर त्यानं दोन वर्षं घातली होती. आता म्हणे तो थेंबच कडेला लागला, कड उसवली, हवा शिरली आणि चटणी नासली.

विनयानं डब्यातला पाउच उचलला. चारी कडा बोटांनी चाचपल्या, पाण्यात बुडवून दाबला, पुन्हा दाबला. एक बुडबुडा आला नाही.

"राजस, गळका फुगा कधी फुगलेला पाहिलायस?"

त्यानं पाउच तिच्या हातातून घेतला आणि स्वतः दाबून पाहिला.

"ह्या पाउचला कुठे भोक असतं, तर आतला गॅस बाहेर गेला असता. हा फुगलाय, म्हणजे कडा शाबूत आहेत. तुझं नोझल चोख काम करतंय. घाण दुसरीकडेच आहे."

२

बुधवारी सकाळी तिनं प्रयोगशाळेत पाउच फोडला आणि थेंबभर चटणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पाव फुगवतं ते यीस्ट, त्याचेच भाऊबंद तिथे मजेत वाढत होते. चटणी आंबली आहे हे तर नाकालाही कळत होतं. पण ही चटणी पंच्याऐंशी अंशांवर, कढत असतानाच भरतात आणि पाउच लगोलग बंद करतात. त्या उष्णतेत हे यीस्ट टिकूच शकत नाही. मागाहून शिरायला वाट नव्हती. म्हणजे पाउच बंद झाला तेव्हाच ते आत जिवंत होतं.

चटणी कढत नव्हतीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा सगळा प्रकार चालला होता.

दुपारी ती झालान्याला गेली. अलकाजी चाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. चहा आला, बिस्किटं आली. उत्तर मात्र येईना.

"विनयाजी, आप तो घर जैसी हैं. पर ये मशीन का मामला है. राजस बच्चा है, मेहनती है. पर नोज़ल फेल हुआ है."

"टाकी गरम होती ना त्या दिवशी?"

"टाकी में कोई गड़बड़ नहीं थी." हे त्या जरा घाईनं बोलल्या.

"त्याची कुठे नोंद असते?"

नव्हती. तापमानाचा आकडा टाकीवर दिसायचा आणि जायचा. टाकी आतल्या खोलीत, मशीन बाहेर. आतला माणूस फोनवर मेसेज पाठवायचा, की झालं गरम, सोडा. मग चटणी झाकलेल्या नळीतून यायची आणि बंद दाराआडच पाउचमध्ये पडायची. भरलेला पाउच पुढे गार पाण्याच्या हौदात. चटणीला कुणाचा हात म्हणून लागत नसे. मशीनची हुशारी अशी, की थंड आणि गरम यांतला फरक कळायला माणूसच जागेवर ठेवला नव्हता.

"बाकीचे फुगलेले पाउच दाखवता?"

"वो तो फेंक दिए. बदबू आ रही थी."

विनयानं बिस्किट परत बशीत ठेवलं. पुरावा कचऱ्यात गेल्यावर तपासाला बोलावण्याची ही पद्धत तिला कॉलेजातूनही चांगली माहीत होती. तरी तिनं विचारलं, "कुणी फेकले?"

"राजरत्न ने," अलकाजी म्हणाल्या, आणि दारात उभा असलेला राजरत्न एकदम वळून चालू लागला.

३

राजरत्न नागपूरचा. गुणवत्ता तपासणं आणि विक्रीसाठी फोटो काढणं ही त्याची कामं. विनयानं त्याला अंगणातल्या नळापाशी गाठला.

"मॅडम, मला सांगितलं म्हणून मी फेकले. माझ्या मनानं मी कायले फेकीन?"

"कुणी सांगितलं?"

"अलका मॅडमनी."

"सगळ्या दिवसांचे पाउच फुगले होते का?"

तो घुटमळला. ट्रायल लागोपाठ तीन दिवस झाली होती, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, होळीच्या पुढच्याच आठवड्यात. पाउचवर तारखा छापलेल्या होत्या.

"नाही. फक्त बुधवारचे. बाकीचे ठीक आहेत, आत कपाटात पडून आहेत."

"आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही ना मॅडम."

विनयाला त्याचा गळा धरावासा वाटला. तेच नोझल, तीच चटणी, तीन दिवसांपैकी एकच दिवस नासला, आणि दोष मात्र नोझलचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि संन्याशाची बाजू माहीत असलेल्यानं गप्प बसायचं, कारण विचारलं नाही.

"ट्रायलच्या बुधवारी दुपारी तुम्ही विजेच्या मीटरपाशी काय करत होता? राजसनं पाहिलं तुम्हाला." राजसनं हे कालच तिला सांगितलं होतं.

राजरत्नचा चेहरा पडला. "फोनवर बोलून राहिलो होतो. इंदूरच्या कंपनीत नोकरीसाठी. तिथंच रेंज येते. मॅडम, प्लीज, इथं सांगू नका."

खरं असेल, खोटंही असेल. मीटरचं बटण खाली करायला कितीसा वेळ लागतो. वैतागून ती सुखदेवकडे गेली. टाकी एरवी तोच सांभाळायचा, आणि मशीनचीही निगा राखायचा.

"मैं तो उस बुधवार को था ही नहीं, मैडमजी. चाकसू गया था, मेले में. घरवाले सब गए थे. टाकी मैडमजी ने खुद देखी."

"अलकाजींनी?"

"हाँ जी. गुरुवार को मैं आया, हीटर बढ़िया चल रहा था." सुखदेवनं हात पुसले आणि आवाज खाली केला. "एक बात और. नोज़ल में हवा का जो प्रेशर है, वो किसी ने खूब बढ़ा रखा था. मैंने वापस नीचे किया. वो चाबी तो राजस भैया के पास ही रहती है."

राजसनं तिला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

४

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," विनया गाडीत बसता बसता म्हणाली. "तुझ्यासाठी मी इथे नाक खुपसते, आणि तूच माझ्यापासून लपवतोस?"

राजस शेजारी मान खाली घालून बसला होता. "त्या बुधवारी चटणी नीट येत नव्हती. जड येत होती, घट्ट. नोझल ओढेना. मग मी हवेचा दाब वाढवला, तेव्हा भरलं एकदाचं. मला वाटलं, माझंच डिझाइन कच्चं आहे. सांगितलं असतं तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं."

"अरे शहाण्या, तेच तुला वाचवणारं होतं. तेलातली चटणी घट्ट कधी होते?"

त्यानं मान वर केली. सांगायची गरज नव्हती, पण तिनं सांगितलंच. "थंड झाल्यावर."

मग तिनं राजरत्नकडून मागवलेले फोटो फोनवर उघडले. मंगळवारच्या आणि गुरुवारच्या पाउचना पोटाशी हलकी खळी पडलेली. कढत माल बंद केला की निवताना आकसतो आणि पाउच आत ओढला जातो. बुधवारचे पाउच मात्र पहिल्या संध्याकाळपासूनच गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखे. विक्रीच्या पत्रकासाठी नेमका त्यांचाच फोटो निवडला होता, छान दिसतात म्हणून.

"मीटर बंद केला असेल राजरत्ननं," राजस म्हणाला.

"मग टाकीवर आकडा उतरलेला दिसला असता की नाही? टाकीपाशी अलकाजी होत्या. तुला मेसेज काय आला होता?"

त्यानं फोन पुढे केला. 'पचासी हो गया. शुरू करो.'

म्हणजे एक तर अलकाजींना आकडे वाचता येत नव्हते, किंवा त्यांनी डोळे उघडे ठेवून खोटं लिहिलं होतं. आणि इथेच घोडं अडलं. चटणी त्यांची, पैसा त्यांचा, गिऱ्हाईकही त्यांनीच मिळवलेलं. स्वतःच्याच ताटात कुणी माती कालवेल कशाला?

"त्या दिवशी आणखी काही वेगळं घडलं? आठव."

"काही नाही. हां, चहा मिळाला नाही दिवसभर, डोकं उठलं होतं. जेवण मात्र त्यांनी सगळ्यांसाठी घरून आणलं होतं. पुऱ्या, दही, गोड भात. सगळं थंडगार. मी ताट मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला गेलो, तर हातातून काढून घेतलं. असं कुणी करतं का?"

विनयानं ते ऐकलं आणि सोडून दिलं, आणि याच गोष्टीचा तिला पुढे स्वतःवर राग आला.

५

रात्रीच्या जेवणाला मोरेश्वर, तिचा नवरा, ताकभातावर आला. त्याला पित्ताचा त्रास, आणि त्या त्रासाची त्याला रोज नव्यानं नवलाई.

विनया भिंतीवरचं कॅलेंडर उलटंपालटं करत होती. पुण्याहून दर वर्षी येणारं ते मराठी कॅलेंडर. त्या बुधवारी फाल्गुन वद्य अष्टमी, बाकी चौकोन रिकामा. ना सण, ना सुट्टी. तिनं ते खिळ्यावर परत आदळलं.

"उद्या संध्याकाळी त्या पोराची सही घेणार, आणि मला अजून कारण सापडत नाही."

"कुठला बुधवार म्हणालीस? होळीनंतरचा? त्या दिवशी मला घशाशी आलं होतं. शेजारच्या प्रभावतीबाईंनी पुऱ्या आणि ते गोड तळलेले पुए दिले होते, आदल्या दिवशीचे, थंड. तू म्हणालीस गरम करू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मी खाल्ले, आणि मग रात्रभर बसलो."

विनया ओट्याला टेकून उभी राहिली.

बासोडा. शीतला मातेचा दिवस. वीस वर्षं जयपुरात काढली, वीस वर्षं प्रभावतीबाईंचं ताट घरात येतंय, आणि आपण शोधतोय कुठे, तर पुण्याच्या कॅलेंडरात. महाराष्ट्रात शीतळा सप्तमी श्रावणात येते; इकडे मातेचा दिवस होळीनंतरच्या अष्टमीला. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. गरम काही करायचं नाही, चहासुद्धा नाही. मातेला थंडाव्याचा नैवेद्य. घरात पोराला कांजिण्या आल्या असतील, त्यालाही इकडे 'माता निकली' म्हणतात, तर मग विचारायलाच नको, सगळं दुप्पट कडक. सुखदेव चाकसूला ज्या मेळ्याला गेला होता, तो मातेचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"तू काही बोलशील का?" मोरेश्वर म्हणाला.

"तुझ्या पित्तानं एका पोराची नोकरी वाचवली," विनया म्हणाली, आणि त्याला ते स्तुती म्हणून घ्यावं की टोमणा म्हणून, हे ठरवता आलं नाही.

६

गुरुवारी संध्याकाळी शेडमधल्या टेबलावर तो कागद होता, वर पेन आडवं ठेवलेलं. राजस एका बाजूला, अलकाजी दुसऱ्या बाजूला. विनया न बोलावता आली आणि न विचारता बसली.

तिनं सगळं क्रमानं मांडलं. फुगलेला पाउच म्हणजे शाबूत कड, म्हणून नोझल निर्दोष. जिवंत यीस्ट म्हणजे चटणी कढत नव्हती. पोटाला खळी नाही, दाब वाढवावा लागला, हे आणखी दोन साक्षीदार. तीन दिवसांत फक्त बुधवार नासला, आणि बुधवारी टाकीपाशी फक्त तुम्ही.

"हीटर बंद पड गया होगा," अलकाजी म्हणाल्या.

"त्या गुरुवारी सकाळी सुखदेवला तो चालू मिळाला. मधे दुरुस्तीला कुणी आलं नाही. अलकाजी, तो बासोड्याचा दिवस होता. घरात तुम्ही चूल पेटवली नाहीत, ऑफिसात चहा होऊ दिला नाहीत, ताट गरम करू दिलं नाहीत. मग तुमच्याच हातानं, तुमच्याच सासरच्या चटणीखालची आच तुम्ही कशी लावाल? आदल्या मंगळवारी संध्याकाळी चटणी उकळून ठेवलीत, घरच्या पुऱ्यांसारखी. रात्रभर टाकीत गार होत राहिली, हवेतलं यीस्ट तिच्यात पडलं, सकाळी तशीच सोडलीत."

बाहेर मोर ओरडत होते आणि ते थांबता थांबेनात.

"आपको हँसी आएगी," अलकाजी शेवटी म्हणाल्या. "फरवरी में गार्गी को माता निकली थी. मेरी बेटी. छह साल की है. बुखार उतरता ही नहीं था. सासूजी ने मन्नत मांगी, मैंने भी. मैंने सोचा, चटनी तो उबली हुई है, लहसुन है, मिर्च है, तेल है. हमारा अचार साल भर चलता है. एक दिन में क्या होगा. फिर पाउच फूल गए. मैं डर गई. सबने नोज़ल कहा, तो मैंने भी कह दिया."

"मला सांगायचं होतं," राजसचा आवाज चढला. "एक दिवस थांबलो असतो. माझं दोन वर्षांचं काम, माझं नाव, सगळं घालवायला निघाला होतात तुम्ही."

"कहा था. मंगलवार को कहा था, एक दिन आगे कर लो. तुमने पूछा, क्यों? तुमने कैलेंडर दिखा दिया. दरवाज़े पर नींबू-मिर्च बाँधा था, वो तुमने हँसते-हँसते उतारा था, सबके सामने. फिर मैं तुम्हें माता की बात बताती?"

विनयाला दोघांचाही संताप आला. एकाला विचारण्यात कमीपणा वाटला, दुसरीला सांगण्याची लाज वाटली, आणि ह्या दोघांच्या मधे दोनशे पाउच नासून एका यंत्राचा बळी जाणार होता.

"टाकी थंड ठेवलीत, ती तुमची श्रद्धा," ती अलकाजींना म्हणाली. "त्याला मी हसणार नाही, माझ्या घरातही देव आहेत. पण मेसेज खोटा होता. तेच पाउच फुगायच्या आधी कुणी घरी नेऊन पोराला वाढले असते तर? आणि खोटं झाकायला तुम्ही याचा गळा पुढे केलात. आता हा कागद काय करायचा, ते तुम्ही सांगा."

अलकाजींनी कागद उचलला नाही. त्यांनी फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला लावला.

"भाईसाहब, नोज़ल बिल्कुल ठीक है. गलती मेरी है. मैंने चटनी गरम नहीं की और लिख दिया कि की है. राजस का इसमें कुछ नहीं. उसका नोज़ल रहेगा, पेटेंट भी उसके नाम से जाएगा. कल आप आइए, आपके सामने भरेंगे." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. चेहरा उतरत गेला. फोन ठेवून म्हणाल्या, "कह रहे हैं, सोचकर बताएँगे. मुझ पर अब भरोसा करना मुश्किल है, ये भी कहा."

कागद त्यांनी फाडला, नीट दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. राजसची नोकरी राहिली, नोझल राहिलं. गिऱ्हाईक राहील की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विनया पर्स घेऊन उठली. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं, फक्त दमल्यासारखं वाटत होतं.

राजस जागचा हलला नाही. टेबलाकडे बघत त्यानं विचारलं, "गार्गी कशी आहे आता?"

तीन वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते. फेब्रुवारीतल्या त्या रजांचं कारण त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

अलकाजींनी डोळ्याला पदर लावला. "ठीक है. माथे पर दो दाग रह गए हैं. स्कूल जाने में शर्माती है."

"उद्या तिला इथे घेऊन या," राजस म्हणाला. "मशीन दाखवतो."

अलकाजी उठून आतल्या खोलीत गेल्या आणि टाकीचा हीटर लावला.